सातव्या रिळातलं भगदाड

परग्रहावरून आलेल्या फौजेचा स्वयंपाक कोण करतं, हा प्रश्न मला पहिल्यांदा ब्राह्मणपुरीत विचारला गेला. विचारणारा कळसाडीचा एक ऊसवाला शेतकरी होता, आणि तो थट्टा करत नव्हता.

"मास्तर, इतली फौज उतरनी, चार दिन लढी ऱ्हायनी, आनी चूल कोठेच नही?"

तंबूतले सगळे लोक माझ्याकडे बघायला लागले. मी भोंग्यातून सांगितलं, की ती माणसं गोळ्या खाऊन राहतात.

"कसान्या गोया?"

"ताकदन्या."

तो खाली बसला, पण पटलं नाही हे त्याच्या बसण्यावरूनच कळत होतं. मला तेव्हाच समजायला हवं होतं, की हा सिनेमा आपल्याला जड जाणार.

मी टुरिंग टॉकीजमध्ये ऑपरेटर होतो. पाऊस संपला, कापूस घरात आला, की आमचा तंबू तापीकाठच्या गावांतून फिरायला निघायचा. गावाबाहेरच्या खळ्यावर मुक्काम पडायचा. मध्ये कनात लावून बायका एकीकडे, पुरुष एकीकडे, आणि सगळे जमिनीवर. तेलाचं इंजिन वीज करायचं. शहरातल्या थिएटरात दोन मशिनं असतात. एकावरचं रीळ संपलं की दुसरं सुरू होतं, बघणाऱ्याला पत्ताही लागत नाही. आमच्याकडे एकच मशीन. दर दहा-बारा मिनिटांनी रीळ संपायचं, दिवा लागायचा, मी रीळ बदलायचो, आणि तेवढ्या वेळात प्रेक्षक मोकळे. या मोकळ्या वेळाने माझ्या नाकी नऊ आणले. शहरातला माणूस सिनेमा पूर्ण पाहून घरी जाऊन विचार करतो, म्हणजे बहुधा करतच नाही. आमचा माणूस दर रिळाला उठून जाब विचारायचा.

जाब मलाच विचारायचे, कारण इंग्रजी पट असला की समजावून सांगायचं कामही माझ्याकडेच असे. मशीनशेजारी उभं राहून, भोंगा हातात धरून, पडद्यावर काय चाललंय ते अहिराणीत सांगायचं. माझं इंग्रजी मॅट्रिकपर्यंतचं. गोरे लोक भराभर बोलायला लागले की निम्मं मला कळायचं आणि निम्मं मी रचायचो. रचलेलं निम्मं बरेचदा मूळच्यापेक्षा बरं असायचं, असं मला अजूनही वाटतं. एकदा माझ्या हातून चौथ्याआधी पाचवं रीळ लागलं. कोणी ओरडलं नाही. उलट दुसऱ्या दिवशी दोघं-तिघं येऊन म्हणाले, की आज गोष्ट नीट समजली.

आमचे मालक रतिलालशेठ सुरतेकडचे. हिंदी पट आमच्यापर्यंत यायला फार वेळ लागायचा, म्हणून मधल्या दिवसांत ते मिळेल तो मारामारीचा इंग्रजी पट मागवायचे. हा पटही असाच आला. आगगाडीने दोंडाईच्यापर्यंत, तिथून एस.टी.च्या टपावर. इंग्रजी नाव शेठांना उच्चारता येईना, म्हणून त्यांनी फळ्यावर 'आभाळातली फौज' असं रंगवून घेतलं.

गोष्ट अशी. आभाळातून चकत्यांसारखी यानं उतरतात. त्यांतली माणसं पृथ्वीवरची जमीन घ्यायला आलेली असतात. त्यांच्याकडे एक किरण असतो, त्याने तोफा वितळतात. पृथ्वीचा एक तरुण कॅप्टन विमानातून लढतो. शेवटी एक म्हातारा शास्त्रज्ञ काहीतरी शोधून काढतो आणि आपण जिंकतो.

शहरात हा पट चालला असेल. आमच्या खळ्यावर पहिल्याच खेळाला त्याची चिरफाड झाली. तापीकाठचे गुजर आणि पाटील शेतकरी युद्धाबद्दल काही बोलत नसत. पण जमीन, वजन, पाणी आणि पोट या चार गोष्टींत त्यांना फसवणं अवघड होतं. एक जण म्हणाला, "तोफ वितयी गयी, आनी तिना मांगलं झाड हिरवंगार?" दुसरा म्हणाला, "जमीन लेवाले वनात, आनी पयले तीच जायी टाकी. मंग पेरतीन कसामा?" गाडीवाला होता तो म्हणाला, "येवढी जड चकती वखरेल वावरमा उतरनी, चाकोरी पडनी नही?" ती माणसं इंग्रजी कुठे शिकली, हेही कोणीतरी विचारलं. मी म्हटलं, रेडिओवर. हे उत्तर मला त्या क्षणी सुचलं आणि त्याचा मला आजही थोडा अभिमान आहे.

शेठ खूश होते. कारण एकदा पाहून गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी नवी चूक काढायला परत यायचा आणि येताना दोघांना घेऊन यायचा.

यात प्रकाशा गावचा नथू शिंपी सगळ्यांत वेगळा. तो पडद्यावर कपड्यांशिवाय काही बघतच नसे. सातव्या रिळात कॅप्टनचं विमान किरण लागून पेटतं. आत बसलेल्याच्या तोंडावर मुखवटा, डोळ्यांवर मोठा चष्मा, अंगात कॅप्टनचा तो पट्ट्यांचा कोट. विमान जळत खाली जातं आणि तंबू चिडीचूप होतो. त्या शांततेत नथू उभा राहिला.

"मास्तर, हाऊ कोट त्याना मापना नही. पयले बरोबर व्हता. आते बाह्या पार बोटेसवर यी ऱ्हायन्यात."

सगळा तंबू हसला. मीही हसलो. म्हटलं, विमानात हवा लागून कापड ताणलं असेल. नथू पुटपुटत खाली बसला.

खरं भगदाड त्याच्या पुढे होतं. जळतं विमान खाली जातं, आणि लगेच पुढच्या चित्रात तोच कॅप्टन दारातून आत येतो. हसत, भांग पाडलेला, अंगावर ओरखडासुद्धा नाही. हे मला आधीपासून माहीत होतं. डबा उघडून मी रीळ हाताने गुंडाळून तपासलं तेव्हाच ते निम्म्याने कमी आहे हे कळलं होतं. आमच्याआधी कुठल्यातरी तंबूत मधला भाग जळाला असावा किंवा कोणी कापून ठेवला असावा. मागच्या ऑपरेटरने दोन टोकं जोडून पेटी पुढे पाठवून दिली होती. आमच्या धंद्यात हे रोजचं होतं. फिल्म तुटली की टोकं खरवडायची, औषध लावायचं, अंगठ्याने दाबून धरायचं, झालं. मध्ये काय गेलं याची चौकशी कोणी करत नसे.

त्या दिवशी सातवं रीळ संपून दिवा लागला तेव्हा पुढच्या रांगेतून एक म्हातारा उठला. डोक्याला लाल पागोटं, हातात काठी. त्याने फार सावकाश विचारलं.

"मास्तर, हाऊ तं जयी गयथा ना? मंग परत कसा वना?"

रीळ तुटलंय असं सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? लोकांनी थोडी आरडाओरड केली असती, शेठ रागावले असते. पण मला उत्तरं द्यायची सवय लागली होती. प्रश्न आला की माझी जीभ वळवळायचीच. मी भोंगा उचलला.

"आबा, तो जयना नही. जयनं ते इमान. त्या लोकेसनी त्याले वरच्यावर झेली लिधं आनी कैदमा ठेवं. एक दिन पहारावाला झोपना, आनी हाऊ निंघी वना."

टाळ्या पडल्या. अख्ख्या सिनेमात लोकांना पटलेली ही एकच गोष्ट, आणि ती सिनेमात नव्हती.

म्हातारा दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, तिसऱ्या दिवशीही आला. सातवं रीळ झालं, माझं ते कैदेचं भाषण ऐकलं, की उठून घरी जायचा. पुढे पृथ्वी जिंकते की हरते याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं. चौथ्या दिवशी तो भर दुपारी तंबूत आला. मी मशीन पुसत बसलो होतो. तो समोर उकिडवा बसला.

"मास्तर, त्यासनी त्याले मारं का?"

"कोणाले, आबा?"

"कैदमा व्हता त्याले."

"नही, मारं नही."

"खावाले काय दिधं?"

"भाकर."

"ते तं गोया खातस ना?"

मी चपापलो. "कैदीले भाकर देतस, आबा. तसा कायदा शे."

"आनी पांघराले?"

"कांबय."

"तठे बरफ व्हता का?"

सिनेमात बर्फ कुठेच नव्हता. त्याला हवा असेल म्हणून मी म्हटलं, "व्हता थोडासा." तो उठून गेला. मला मजा वाटली होती. म्हाताऱ्याला सिनेमाचं वेड लागलं, असं मी शेठांना सांगितलंसुद्धा. ही गोष्ट आठवली की आजही माझी मला लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक तरुण बाई तंबूच्या दाराशी आली. डोक्यावर पदर, हातात एक घडी घातलेला कागद.

"मी दशरथ आबानी सून शे. शेवंता. तुम्हीन आबाले काय सांगं?"

मी सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग तिने मला सांगितलं. तिचा नवरा हिरामण फौजेत. चीनची लढाई होऊन दीड वर्ष झालं होतं, तेव्हापासून त्याचं पत्र नाही. आधी 'बेपत्ता' अशी तार आली. आता हा कागद आला होता, की तो गेला असं धरण्यात येत आहे, घरच्यांनी मान्य असल्याचा अंगठा लावून परत पाठवावा. शेवंता सातवीची फायनल परीक्षा पास होती. जवानाची विधवा म्हणून धुळ्याला मास्तरणीच्या शिक्षणासाठी तिला जागा मिळणार होती. पण हा कागद असेल तर. त्या महिनाअखेरीला मुदत संपत होती.

"आबा अंगठा लावाले तयार व्हतात," ती म्हणाली. "आते म्हनतस, पोऱ्या कैदमा शे. मास्तरनी सांगं."

मी उगाच विचारलं, "तू दखा का सिनेमा?"

"माले नही दखना. लढाई कसी ऱ्हास ते माले दखना नही." मग म्हणाली, "मीबी दीड वरीस दारकडे दखी ऱ्हायनू, भाऊ. आबानं नवल नही. पन मन्ही गोट ते ऐकतस नही. तुम्हीन सांगं, तुम्हीनच जायीसन मोडा."

मी सातव्या रिळाचा डबा काढला. रतिलालशेठ आडवे आले. रीळ तंबूबाहेर न्यायचं नाही हा त्यांचा नियम, आणि तो बरोबरच होता. वर त्यांची दुसरी काळजी अशी, की पट तुटका आहे हे गावात फुटलं तर उद्यापासून कोण येणार? मी त्यांना कागदाची गोष्ट सांगितली. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "सांजच्या खेळाआधी परत आण," एवढंच म्हणाले.

आबा ओट्यावर बसला होता. ऊन कलायला लागलं होतं. मी शेजारी बसलो, रीळ उलगडलं, जोड शोधला आणि फिल्म उन्हाकडे धरून त्याच्या हातात दिली. आधी त्याला काही कळेना. मग डोळा बारीक करून त्याने बघितलं. एका बाजूला ओळीने जळत्या विमानाची चित्रं, टिचभर टिचभर. मग जोड. दुसऱ्या बाजूला ओळीने दारातून येणारा माणूस.

"आबा," मी म्हटलं, "कैद नही, भाकर नही, कांबय नही. आठे मधला तुकडाच नही. मी थाप मारी."

"म्हंजे तुलेबी माहीत नही."

"नही."

त्याने फिल्मवरून अंगठा फिरवला. ऑपरेटरचा असतो तसाच अंगठा, जाड आणि चिरलेला.

"आठे जाड काबरं लागस?"

"जोड शे. दोन टोकं घासीसन चिटकाडतस."

"आनी तो तुकडा? कोठे गया?"

"कोनले माहीत. जयी गया व्हई. नही तं कोनापान पडेल व्हई."

"जोड नही लावी तं काय व्हस?"

"मंग पुढला खेय चालस नही, आबा. मशीन तठेच अडकस."

तो जोड चाचपत राहिला. दारात शेवंता उभी होती. माझ्या मनात आलं, की आता हा मला शिव्या देईल, आणि दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

"फौजवालासनाबी तुकडा हराई जायेल शे," आबा म्हणाला. "त्यासनी जोड लायी दिधी, आनी पेटी पुढे धाडी दिधी." मग मान न वळवता त्याने हाक मारली. "शेवंता, आन तो कागद."

ती कागद आणि शाईची डबी घेऊन आली. आबाने अंगठा शाईत बुडवला आणि कागदावर टेकवायच्या आधी तिच्याकडे बघितलं.

"दख पोरी, हाई जोड शे. खबर नही."

त्याने अंगठा लावला. आम्ही जोड पक्का व्हावा म्हणून धरून ठेवतो, तसा तो त्याने बराच वेळ दाबून धरला. शेवंता तोंडाला पदर लावून आत निघून गेली. मी रीळ गुंडाळायला लागलो. ते दोनदा सुटलं.

निघताना आबा म्हणाला, "तुकडा सापडना तं माले सांगजो."

त्या संध्याकाळी सातव्या रिळानंतर मी भोंग्यातून सांगितलं, की इथे पट तुटलेला आहे, पुढचं मला माहीत नाही. आरडाओरड झाली. शेठांनी कपाळाला हात लावला. पण दुसऱ्या दिवशी लोक आलेच. मधलं काय झालं असेल ते आता ज्याचा तो सांगत होता.

शेवंता धुळ्याला गेली. जाताना तिच्या हातात बांगड्या होत्या, कारण हिरामणची क्रिया करायला आबा प्रकाशाच्या तीर्थावर गेलाच नाही. गावात कुजबुज झाली. आबाने तिकडे लक्ष दिलं नाही.

पुढे तीन-चार वर्षांनी मशीनचा एक भाग आणायला मी सुरतेला गेलो होतो. तिथल्या एका जुन्या थिएटरात सकाळच्या खेळाला तोच पट लागलेला दिसला. काम बाजूला ठेवून आत जाऊन बसलो. सातव्या रिळाची मी इतकी वाट बघितली, की आधीची सहा कशी गेली ते कळलं नाही.

मधला तुकडा असा होता. कॅप्टन त्या विमानात नव्हताच. त्याला ताप भरला होता, तो दवाखान्यात होता. त्याच्या तळावर विमानं पुसणारा एक पोरगा होता, आधीच्या रिळांत एकदोनदा मागे दिसणारा. दुसरं कोणी नाही म्हणून त्याने खुंटीवरचा कॅप्टनचा कोट अंगात चढवला आणि उडाला. जळाला तो. नंतर कॅप्टन बरा होऊन दारातून आत येतो, सगळे त्याला मिठ्या मारतात, आणि गोष्ट पुढे जाते. नथू शिंप्याने बरोबर बघितलं होतं. बाह्या खरंच लांब होत्या.

परत येताना मी ब्राह्मणपुरीला उतरलो. आबा ओट्यावरच होता. मोतीबिंदू झालेला, पण माझा आवाज त्याने लगेच ओळखला.

"मास्तर! तुकडा सापडना का?"

इतकी वर्षं पडद्यावरची भगदाडं बुजवण्यात माझा हात कोणी धरत नव्हता. आता खरा तुकडा माझ्याकडे होता, आणि त्यात उडालेला परत येत नव्हता.

"नही, आबा. आजून नही."

"सोधत ऱ्हाय," तो म्हणाला.

रविवार होता, म्हणून शेवंता घरी होती. कळसाडीच्या शाळेत ती शिकवत होती. एस.टी.पर्यंत ती माझ्याबरोबर चालत आली. गाव मागे पडल्यावर म्हणाली, "सापडना ना?"

भोंग्यावरचा माझा आवाज माझ्या ताब्यात असे, भोंग्याशिवायचा नसे. मी तिला सगळं सांगितलं. कोट, ताप, तो पोरगा. ती ऐकत चालत राहिली. मग थांबली.

"त्या पोऱ्यानं नाव काय व्हतं?"

मी आठवून पाहिलं. तो उडतो तेव्हा कोणी त्याला हाक मारत नाही. जळतो तेव्हा कोणी विचारत नाही. कॅप्टन परत येतो तेव्हा आपला कोट कुठे गेला हेसुद्धा बघत नाही.

"सिनेमामा नाव नही," मी म्हटलं.

तिने मान हलवली. गाडी आली, मी चढलो.

त्या पटातल्या चुका मी आजही बोटांवर मोजू शकतो. चूल नाही, चाकोरी नाही, तोफेमागचं झाड हिरवं. सगळ्या आमच्या तंबूतल्या लोकांनी काढलेल्या. पण सगळ्यांत मोठी चूक सुरतेला अख्खा पट बघूनही मला दिसली नाही. ती शेवंताने काढली, आणि तिने तो सिनेमा पाहिलेलाच नव्हता.